नोकरी वाचली, माणूस कोण वाचवणार?

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अकोल्यातील एका गिरणीत दारू पिऊन कामावर आल्याबद्दल एका कामगारावर आरोपपत्र निघाले. व्यवस्थापनाची नोटीसच सदोष असल्याचे युनियनने चौकशीत दाखवून दिले आणि बडतर्फी रद्द झाली. फाटकापाशी घोषणा झाल्या, पेढे वाटले गेले. त्या काळी युनियनचे हिशेब पाहण्यास आम्ही अधूनमधून जात असू. सायंकाळी त्या कामगाराची पत्नी कचेरीत आली. सर्वांचे आभार मानून झाल्यावर ती म्हणाली, "भाऊ, नौकरी त वाचोली तुमी, आता मानसाले कोन वाचोते?" या प्रश्नाला कचेरीतील कोणापाशीही उत्तर नव्हते. दोन वर्षांच्या आत यकृताच्या विकाराने तो गेला. नोकरी अखेरपर्यंत शाबूत होती.

त्या बाईचा प्रश्न आजही कामगार चळवळीच्या दारात उभा आहे. गिरण्या गेल्या, परंतु जिनिंग, डाळमिल, एस. टी.चे आगार, बाजार समितीचे आवार या सर्व ठिकाणी तो कायम आहे. व्यसनी सभासदाच्या बाबतीत आपल्या संघटनांना आजवर दोनच मार्ग ठाऊक आहेत : चौकशीत त्याचा बचाव करणे, नाहीतर त्याला उपदेश करणे. उपचार हा तिसरा मार्ग आपण स्वीकारलेला नाही.

उपदेशाची परंपरा तुच्छ नव्हे. पुण्यातील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध जोतीराव फुले यांनी १८८० साली नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली होती. आपल्या वऱ्हाडातील शेंडगावी झिंगराजी दारूपायी अकाली मरण पावले. विधवा सखुबाई लहान मुलाला घेऊन दापुऱ्याला माहेरी गेल्या. तेच मूल पुढे गाडगेबाबा झाले आणि बापाला गिळणाऱ्या व्यसनावर जन्मभर खराटा चालवीत राहिले. आजही माळ घालून दारू सोडणारी माणसे गावोगावी भेटतात. परंतु ज्याचे शरीरच दारूवर अवलंबून झाले आहे, त्याला केवळ शपथ पुरत नाही. अशा माणसाने दारू एकाएकी बंद केली तर हातपाय कापतात, झटके येतात, भ्रम होतो. क्वचित प्राणही जातो. त्या दिवसांत त्याला डॉक्टर हवा आणि त्यानंतर दीर्घकाळ सोबत हवी. हा आजार आहे, हे मान्य केल्यावाचून पुढचे पाऊल पडणार नाही.

आता अर्थशास्त्र पाहू. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात ५.७ कोटी लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज होती. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीएक उपचार मिळत होता. रुग्णालयात दाखल होऊन उपचार १८० पैकी एकाला. दुसरीकडे, जून २०२५मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने दारूवरील कर वाढवले, तेव्हा वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांची जादा मिळकत अपेक्षित धरली. म्हणजे सरकारला महसूल मिळतो, दुकानदाराला नफा मिळतो, मालकाला कामगार काढण्याचे आयते निमित्त मिळते. कामगाराच्या घरी उरते ती उधारी. संप करून मिळवलेली पगारवाढ जर गुत्त्यात जिरत असेल, तर तो संप आपण कोणासाठी केला?

हाच प्रश्न दल्ली-राजहराच्या लोहखाणींतील मजुरांना पडला होता. आज छत्तीसगडमध्ये असलेल्या या गावात १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली खाणमजुरांची संघटना उभी राहिली. त्याच वर्षीच्या पोलिस गोळीबारात ११ जण बळी पडले. लढून मजुरी वाढली आणि वाढीव मजुरी दारूच्या ठेकेदाराकडे जाऊ लागली, तेव्हा संघटनेने दारूविरोधी मोहीम हाती घेतली. स्त्रिया तिच्यात आघाडीवर होत्या. पुढे मजुरांनी श्रमदानाने रुग्णालय बांधले आणि ३ जून १९८३ रोजी गोळीबारातील बळींच्या स्मरणार्थ 'शहीद अस्पताल' सुरू केले. मजुरीच्या लढ्याइतकेच आरोग्यही युनियनचे काम आहे, हे त्यांनी कृतीने सांगितले.

उपचाराची रीत शिकण्यास आपल्याला महाराष्ट्राबाहेर जाण्याचे कारण नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे ३५ दिवसांचा निवासी उपचार, त्यानंतरचा पाठपुरावा आणि व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट, अशी पद्धत विकसित झाली. व्यसनातून बाहेर आलेली माणसेच तेथे नव्या रुग्णांना हात देतात. परंतु ३५ दिवसांची रजा कोण देणार? त्या काळात चूल कशी पेटणार? परतल्यावर जागा शिल्लक असेल काय? हे तिन्ही प्रश्न वैद्यकाचे नाहीत, युनियनचे आहेत.

कायद्याची बाजू कामगारांनी समजून घ्यावी. आदर्श स्थायी आदेशांत कामाच्या जागी नशेत असणे ही पूर्वीपासून गैरवर्तणूक मानली गेली. आजार म्हणून तिच्याकडे पाहिले गेले नाही. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना स्थायी आदेशांचे बंधनच नाही. वऱ्हाडातील बहुतेक कारखाने याच वर्गातले; तेव्हा करार हेच तेथील कामगाराचे खरे संरक्षण. उलट २०१७चा मानसिक आरोग्य कायदा दारू व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मनोविकारांचा समावेश मानसिक आजारात करतो आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यावे असे सांगतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९६च्या आचारसंहितेनेही दारूची समस्या ही आरोग्याची समस्या मानून इतर आजारांप्रमाणेच हाताळावी, असे म्हटले आहे. यास्तव येत्या प्रत्येक वेतन करारात चार मागण्या असाव्यात : शिक्षेपूर्वी उपचाराची संधी, उपचारकाळात रजा व कुटुंबाला निर्वाहापुरते वेतन, बरा होऊन आल्यावर तेच काम, आणि पूर्ण गोपनीयता. हमाल-मापाड्यांसाठी १९६९च्या माथाडी कायद्याखालील मंडळे मालकांकडून लेव्ही घेतात. तिच्यातील कल्याणनिधीतून या उपचारांची तरतूद व्हावी, ही मागणी अमरावती-अकोल्याच्या बाजार समित्यांतून उठली पाहिजे.

यावर दोन आक्षेप आपल्यातूनच येतील. पहिला, शोषण संपले की व्यसन संपेल. दारिद्र्य आणि बारा तासांची पाळी माणसाला गुत्त्याकडे ढकलते हे खरेच; परंतु क्षयरोगही दारिद्र्यातून येतो, म्हणून क्रांती होईपर्यंत आपण क्षयाचे औषध थांबवीत नाही. दुसरा, व्यसन कबूल केल्यास मालकाच्या हाती शस्त्र मिळेल. ही भीती रास्त आहे आणि म्हणूनच हे काम मालकाच्या कल्याण अधिकाऱ्यावर सोपवू नये. बाकावरच्या सोबत्याला सर्वांत आधी कळते की गडी सोमवारी का येत नाही. त्या सोबत्याला तो खरे सांगेल. साहेबाला सांगणार नाही.

आरंभ करण्यास निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक युनियनने व्यसनातून सुटलेल्या दोघा सभासदांना सोबती म्हणून नेमावे, जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांशी बोलणे करावे, आठवड्यातून एक सायंकाळ कचेरी अशा कामगारांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी उघडी ठेवावी. कार्यकारिणीतील जो स्वतः पितो, त्याने पहिल्या बैठकीत पहिल्या खुर्चीवर बसावे. त्या रात्री कचेरीतून ती बाई उत्तर न घेता परत गेली. पुन्हा कोणी आली, तर तिला बसायला सांगून उत्तर देता आले पाहिजे.