नंदनवनाचें वाङ्मय

गेल्या पावसाळ्यांत आमचे एक जुने विद्यार्थी एका परिषदेनिमित्त होनोलुलूस जाऊन आले. आमची वाचनाची खोड त्यांस ठाऊक असल्यामुळें येतांना त्यांनीं हवाई बेटांविषयींच्या पुस्तकांचा व मासिकांचा एक भला थोरला गठ्ठा आमच्यासाठीं आणला. कागद गुळगुळीत, छपाई डोळे निववणारी, आणि चित्रें तर अशीं कीं घरांतील मुलांनीं आठ दिवस तो गठ्ठा आमच्या हातीं लागूं दिला नाहीं. पुढें तो आमच्या वांट्यास आला. आम्हीं तो अथपासून इतिपर्यंत वाचला. आणि वाचून झाल्यावर मनांत जी चीड उत्पन्न झाली ती अद्यापि शमलेली नाहीं.

हीं पुस्तकें खोटीं आहेत असें आमचें म्हणणें नव्हे. समुद्र निळा आहे, मौना केआच्या माथ्यावर बर्फ पडतें, आणि फुलांच्या माळा तर चित्रांतही सुगंध देतीलशा वाटतात. चीड आहे ती त्यांत जें नाहीं त्याची. या गठ्ठ्यांतील हवाईयन मनुष्य नाचतो, गातो, होडी वल्हवितो, लाटांवर फळी घेऊन उभा राहतो, पाहुण्याच्या गळ्यांत माळ घालून हंसतो. तो लिहीत मात्र कोठेंच नाहीं. कोणाशीं वाद घालीत नाहीं, कोणास अर्ज करीत नाहीं, वर्तमानपत्र वाचीत नाहीं. जणूं काय विधात्यानें त्यास कंठ दिला, कंबर दिली, आणि लेखणी द्यावयाची तेवढी राहून गेली!

वस्तुस्थिति काय होती? अमेरिकन मिशनरी १८२० मध्यें त्या बेटांवर उतरले व १८२२ मध्यें हवाईयन भाषेंतील पहिला मजकूर छापला गेला. तेथील सरदारांनीं ही नवी विद्या इतक्या हौसेनें उचलली कीं एका पिढीच्या आंत बहुसंख्य प्रौढ लोक वाचूं लागले. १८३४ मध्यें लाहाइनालुना येथील शाळेंत त्या भाषेंतील पहिलें वर्तमानपत्र निघालें, आणि तेथून १९४८ पर्यंत शंभराहून अधिक नियतकालिकें निघालीं. त्यांच्या पृष्ठांची संख्या सुमारें सव्वा लाख भरते. त्यांत काय नाहीं? राजांच्या वंशावळी, आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या पुराणकथा, मृत्युलेख, मासेमारीची माहिती, संपादकांस खडसावणारीं पत्रें, आणि राजकारणावरील कडाक्याचीं भांडणें! सॅम्युएल कामाकाऊ यानें आपल्या देशाचा इतिहास लिहिला तो याच पत्रांतून, हप्त्याहप्त्यानें. त्याचें इंग्रजी ग्रंथरूप लोकांपुढें आलें १९६१ मध्यें. शतकाच्या अखेरीस हवाईयन रक्ताचे लोक रोगराईनें खचून सुमारें चाळीस हजार उरले होते. आमच्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढी वस्ती, आणि एवढा लेखनप्रपंच! निबंधमालेचा व केसरीचा अभिमान वाहणाऱ्या मराठी वाचकानें तरी या आंकड्यापाशीं क्षणभर थांबावें.

परंतु १८९६ मध्यें शाळांतील शिक्षणाचें माध्यम इंग्रजी ठरविणारा कायदा झाला, आणि दोन पिढ्यांत नातवांस आजोबांचीं वर्तमानपत्रें वाचतां येईनाशीं झालीं. सव्वा लाख पृष्ठें पेटाऱ्यांत पडलीं. त्या रिकाम्या झालेल्या जागीं ही रंगीत चित्रें येऊन बसलीं आहेत.

या मासिकांची वंशावळ पाहावी. त्यांतील आद्य मासिक ‘पॅरडाइज ऑफ द पॅसिफिक’, म्हणजे प्रशांत महासागराचें नंदनवन, हें १८८८ मध्यें राजा कालाकाउआ याच्या सनदेनें सुरू झालें. १९६६ मध्यें त्याचें ‘होनोलुलू’ असें नामांतर झालें. बेटांचें गुणगान करून बाहेरचे लोक व बाहेरचा व्यापार तिकडे वळवावा हा त्याचा हेतु. आतां वर्ष लक्षांत घ्या. त्याच्या आदल्याच वर्षीं गोऱ्या मळेवाल्यांनीं व व्यापाऱ्यांनीं शस्त्रांचा धाक घालून त्याच राजाकडून नव्या राज्यघटनेवर सही घेतली होती. तिला लोक ‘संगिनीची घटना’ म्हणतात. पुढें पांच वर्षांनीं, १७ जानेवारी १८९३ रोजीं, त्याची बहीण राणी लिलिउओकालानी हिचें सिंहासन गेलें आणि १८९८ मध्यें बेटें अमेरिकेनें खालसा केलीं. मासिकानें राज्य घालविलें असें म्हणणें हास्यास्पद होईल. पण ‘नंदनवन’ हा शब्द किती सोयीचा आहे पाहा! नंदनवनांत सातबाराचा उतारा नसतो, मतदारांची यादी नसते आणि जित-जेते यांचा प्रश्नच उद्भवत नाहीं.

हा कालाकाउआ कांहीं आपणांस सर्वस्वीं परका नव्हे. १८८१ मध्यें, म्हणजे केसरी निघाला त्याच वर्षीं, पृथ्वीप्रदक्षिणा करीत तो कलकत्त्यास उतरला आणि आगगाडीनें मुंबईस येऊन पुढें मिसर देशाकडे गेला. १८८८ मध्यें एका बाजूस तें मासिक निघालें, आणि त्याच वर्षीं याच राजाच्या नांवानें हवाईच्या पुराणकथांचा ग्रंथ न्यूयॉर्क येथें प्रसिद्ध झाला. आमच्या लोकांसही प्राचीन परंपरा आहे हें तो जगास सांगूं पाहत होता. जगानें मासिक घेतलें.

राणीची गोष्ट याहून उद्वेगजनक. तिनें रचलेलें ‘अलोहा ओए’ हें गीत या गठ्ठ्यांत पावलोपावलीं भेटतें. वाद्यवृंद, सूर्यास्त, निरोप घेणारी आगबोट, सर्व कांहीं आहे. परंतु याच बाईस १८९५ मध्यें तिच्याच राजवाड्याच्या एका खोलींत कैद करून ठेवलें होतें, त्या काळांत तिनें कुमुलिपो या दोन हजारांहून अधिक ओळींच्या सृष्टिस्तोत्राचें भाषांतर हातीं घेतलें, आणि १८९८ मध्यें आपल्या राज्याची कैफियत पुस्तकरूपानें मांडली, यांतील एक अक्षर तेथें नाहीं. गीत हवें, कवयित्री नको!

‘अलोहा’ या शब्दाचीही तीच गति. त्यांत प्रेम, जिव्हाळा, करुणा हे अर्थ आहेतच. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘अलोहा आइना’, म्हणजे भूमीवरील प्रेम, ही तेथील राष्ट्रभक्तांची घोषणा होती, आणि याच नांवाचें वर्तमानपत्र १८९५ मध्यें निघालें. १८९७ मध्यें खालसा करण्याविरुद्धच्या अर्जावर एकवीस हजारांहून अधिक सह्या झाल्या. चाळीस हजार लोकांत एकवीस हजार! हे कागद वॉशिंग्टनच्या दफ्तरखान्यांत पडून होते; ते नोएनोए सिल्वा या विदुषीनें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुन्हा लोकांपुढें आणले. मासिकांत मात्र अलोहा म्हणजे खाणावळीच्या दारांतील हास्य.

कोणी म्हणेल, हीं करमणुकीचीं पुस्तकें; त्यांत इतिहासाचें ओझें कशास? करमणूक म्हणून विकलीं असतीं तर आम्हीं शब्द काढला नसता. पण मुखपृष्ठावर ‘संस्कृति’ हा शब्द ठसठशीत छापलेला आहे, आणि या शब्दाचें देणें द्यावें लागतें. हुला हें मूळचें काव्याचें अंग. मंत्र पाठ असल्यावांचून पाऊल उचलावयाचें नाहीं अशी तेथील गुरूंची शिस्त. या पुस्तकांत पाऊल आहे, मंत्र गाळला आहे. उकुलेले हें वाद्य १८७९ मध्यें आलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या लहान तंतुवाद्यावरून झालें, आणि तो प्रसिद्ध फुलाफुलांचा सदरा प्रारंभीं जपानी कापडाचा शिवीत असत. या सरमिसळीस आमचा आक्षेप नाहीं. उलट चिनी, जपानी, पोर्तुगीज, फिलिपिनो मजुरांनीं उंसाच्या मळ्यांत कसे दिवस काढले हा तर मोठा रसाळ विषय आहे. तोच वगळून हातीं उरतो सदरा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रवाशांवरच तेथील लोकांचें पोट चालतें. खरें आहे. सुमारें चौदा लाख वस्तीच्या त्या बेटांवर २०१९ मध्यें एक कोटींहून अधिक पाहुणे आले. पण पोट कोणाचें, हें विचारावयास नको काय? २०२० च्या शिरगणतींत असें दिसून आलें कीं हवाईयन वंशाचे निम्म्याहून अधिक लोक हवाईच्या बाहेर राहतात. तेथील घरें त्यांस परवडत नाहींत. ‘बेटावरील राहणी’ या सदराखालीं जे बंगले झळकतात ते राहावयास कोणास मिळतात, हें त्यावरून समजावें.

आम्ही स्वतः तरी कोठें धुतल्या तांदळासारखे आहोंत? वीस वर्षें आम्हीं वर्गांत स्टीव्हन्सन शिकविला. तो १८८९ मध्यें होनोलुलूस राहिला होता हें मोठ्या रसिकतेनें सांगितलें, पण त्या वेळीं तेथें देशी भाषेंत वर्तमानपत्रें निघत होतीं हें आम्हांसच ठाऊक नव्हतें. आणि चांगलीं पुस्तकें नाहींत असेंही नाहीं. मेरी कावेना पुकुई या बाईंनीं १९५७ मध्यें सॅम्युएल एल्बर्ट यांच्याबरोबर कोश केला, १९८३ मध्यें जवळजवळ तीन हजार म्हणींचा संग्रह दिला. त्यांत एकही रंगीत सूर्यास्त नाहीं. पण एका म्हणीखालच्या दोन ओळींच्या टिपणांत पाऊस, वारा, माणसांचा स्वभाव सर्व कांहीं येतें. आमच्या गठ्ठ्यांत ते ग्रंथ नव्हते. विचारतां विद्यार्थी ओशाळून म्हणाले, “सर, विमानतळावरच्या दुकानांत हींच होतीं.”

एका मासिकांत लाहाइना गांवाच्या वडाचें दोन पानें भरून चित्र आहे. हा वड मूळचा हिंदुस्थानांतून नेलेला; १८७३ मध्यें तो तेथें लावला गेला. लाहाइना ही एके काळीं राज्याची राजधानी. भोंवतीं पाणथळ जमीन व तळीं होतीं. उंसाच्या मळ्यांनीं डोंगराचें पाणी वळवून नेलें, पुढें मळेही बंद पडले, आणि पडीक रानांत परदेशी गवत वाळत राहिलें. ८ ऑगस्ट २०२३ रोजीं त्या गवतावरून आलेल्या वणव्यांत गांव जळालें. सुमारें शंभर माणसें गेलीं. वड होरपळला, पण कांहीं आठवड्यांनीं त्यास पालवी फुटली. मासिक आगीच्या आधींचें, म्हणून चित्रांत त्याच्या छायेखालीं प्रवासी फराळ करीत बसले आहेत. मुलांनीं तें पान कापून भिंतीवर लावलें आहे. आम्हीं तें काढावयास लावलें नाहीं. खालीं पेन्सिलीनें १८७३ व २०२३ हीं दोन सालें तेवढीं लिहून ठेवलीं आहेत.