पेन्सिलीवरचा पहारा

6 ऑगस्ट 1990. कुवेत गिळून इराकला जेमतेम चार दिवस झाले होते, तोच सुरक्षा परिषदेने 661 क्रमांकाचा ठराव करून त्याचा व्यापार बंद पाडला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतले 41वे कलम तशी मुभा देते; कायद्यात बोट ठेवायला जागा नव्हती. खरी गोची अंमलबजावणीत झाली. निर्बंध समितीत एकाही सदस्याने हरकत घेतली की माल अडकायचा. क्लोरीनवर करडी नजर, कारण त्यातून रासायनिक अस्त्रे बनू शकतात. पिण्याचे पाणी शुद्ध कशाने करायचे मग? ग्रॅफाइटमुळे शाळेच्या पेन्सिलीसुद्धा संशयित!

'तेलाच्या बदल्यात अन्न' योजना सांभाळणारे डेनिस हॅलिडे 1998 मध्ये वैतागून पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन श्पोनेकही 2000 मध्ये त्याच वाटेने गेले. बालमृत्यूंचे तेव्हा गाजलेले आकडे पुढे वादग्रस्त ठरले, हे मान्य. पण इराकचे सत्ताधीश सद्दाम चोरट्या तेलावर पैसा करत 2003 पर्यंत खुर्चीला चिकटून राहिले आणि जनता रेशनवर जगली, यात वाद नाही.

आज अमेरिका आणि युरोप परिषदेला वळसा घालून स्वतःच निर्बंध लादतात. त्यांना 41व्या कलमाचा आधार नाही. या अंकाची चर्चा तिथूनच सुरू होते.