माजेतेचा रस्ता धरा

आफ्रिकेच्या सफारीचा विचार सुरू झाला की मराठी घरात पहिलं नाव निघतं ते मसाई माराचं. मारा नदी ओलांडणारे विल्डेबीस्टचे कळप हे दृश्य अपूर्वच आहे. पण ते पाहायला काठावर गाड्यांची दाटी होते आणि आपण त्या दाटीत आणखी एक गाडी घालतो. म्हणून माझा आग्रह आहे की दक्षिण मलावीतल्या माजेतेचा विचार करावा. ब्लँटायर शहरापासून साधारण 70 किलोमीटरवर, शिरे नदीकाठी, सुमारे 700 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य. बेसुमार शिकारीमुळे 1992पर्यंत इथला शेवटचा हत्तीही संपला होता. उरली होती ती थोडी हरणं. 2003मध्ये मलावी सरकारनं ‘आफ्रिकन पार्क्स’ या संस्थेशी 25 वर्षांचा करार केला. त्याच वर्षी काळे गेंडे आणले गेले, 2006मध्ये हत्ती, 2012मध्ये सिंह. पुढे जिराफ, चित्ते आणि रानकुत्रेही आले. हत्ती इतके वाढले की 2017मध्ये त्यांतले काही नखोताकोटाच्या ओस पडलेल्या जंगलाला देता आले. एवढं होऊनही प्रवेशशुल्क आणि निवासाच्या उत्पन्नात इथला खर्च भागत नाही, देणग्यांवर भिस्त आहे. माराला आपण गेलो नाही तर कोणाचं काही अडत नाही. इथे मात्र प्रत्येक पाहुण्याच्या पैशानं ती भिस्त थोडी हलकी होते.

यावर पहिला आक्षेप असा की जंगलाला सगळीकडून कुंपण आहे, मग हे प्राणिसंग्रहालयच नाही का? मला तसं वाटत नाही. भोवती दाट वस्तीची गावं आणि मक्याची शेतं आहेत. कुंपण नसेल तर हत्तीची किंमत शेतकरी मोजतो. याच देशातल्या कासुंगूचं उदाहरण समोर आहे. 2022मध्ये तिथे अडीचशेहून अधिक हत्ती सोडले, पण कुंपण पुरं झालेलं नव्हतं. आसपासच्या गावांत माणसं दगावली, पिकं तुडवली गेली. प्राणी परत आणण्याचं कौतुक करताना हा हिशेब डोळ्याआड करता येणार नाही. आपल्याकडेही 2023मध्ये ब्रह्मपुरीच्या वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. तेव्हा माजेतेचे प्रश्न आपल्याला परके नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक सरळ आहे: एवढा खर्च करून सिंह दिसला नाही तर? ती शक्यता खरीच आहे. इथलं रान माराच्या मोकळ्या माळासारखं नाही, झाडीचं आहे आणि सिंहही मोजकेच. पण आखणी नीट केली तर पारडं आपल्याकडे झुकतं. पावसाळ्यात गवत माजतं आणि जनावरं पांगतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी आटतं, तेव्हा पाणवठ्यावरच्या लपणात दोन तास शांत बसणं हे दिवसभर गाडी फिरवण्यापेक्षा फलदायी ठरतं. ऑक्टोबरमध्येही प्राणी दिसतात, मात्र शिरे खोऱ्याचा उकाडा ज्येष्ठांना झेपणारा नाही. एका रात्रीची धावती भेट इथे वायाच जाईल. तीन रात्री तरी हव्यात. मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाता येतं. इथिओपिया आणि केनिया हे दोन्ही देश पीतज्वराच्या यादीत आहेत, त्यामुळे परतताना भारतात प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते ग्राह्य धरलं जातं, तेव्हा तिकिटाबरोबरच लसीची तारीखही ठरवा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा. काही गोळ्या प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधीपासून सुरू कराव्या लागतात.