चष्म्याला फुटले कान

मराठी माणसाने चष्म्याला दिलेले नाव पाहा : चाळिशी. वयाची चाळीस वर्षे उलटली, हातातले वर्तमानपत्र कोपर ताणून दूर धरावे लागू लागले, की मनुष्य चाळिशी लावतो; आणि ती लावली की घरात त्याचे वजन थोडे वाढते. चष्मा लावलेला माणूस म्हणजे लक्ष देणारा माणूस, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा समज आहे. मास्तर चष्मा पुसू लागले की वर्ग चिडीचूप होतो. तलाठ्याने चष्मा नाकावर ओढला की शेतकऱ्याला वाटते, आता आपला सातबारा नीट पाहिला जाणार. या विश्वासाच्या भांडवलावर सध्या एक नवा धंदा उभा राहिला आहे, आणि त्या धंद्याविरुद्ध मला चार शब्द बोलायचे आहेत. दिवाळीच्या फराळात हा तिखट घास वाढला म्हणून वाचकांनी रागावू नये. चिवड्यातही मिरची असतेच.

हा धंदा आहे बोलक्या चष्म्यांचा. दिसायला साधा चष्मा, पण काड्या जरा जाड. त्या काड्यांत इवलेसे ध्वनिवर्धक बसवलेले असतात, एक-दोन मायक्रोफोन असतात, आणि खिशातल्या फोनशी त्यांचा बिनतारी संबंध असतो. कानात बोळा घालावा लागत नाही. आवाज काडीतून थेट कानाच्या दिशेने सोडलेला असतो, तोही अशा बेताने की मालकाला ऐकू यावा आणि शेजारच्याला येऊ नये. अमेरिकेत बोस कंपनीने २०१९ साली असे चष्मे विकायला काढले. आपल्याकडे टायटनने २०२२ च्या जानेवारीत ९,९९९ रुपयांना एक काढला. आणि २०२५ च्या मे महिन्यात रे-बॅन आणि मेटा या जोडगोळीचा चष्मा २९,९०० रुपयांपासून पुढे भारतात मिळू लागला. त्याला कानांबरोबर डोळाही आहे, म्हणजे कॅमेरा. तो प्रश्न विचारला तर उत्तरही देतो. आमच्या वर्गातली मुले एवढे करत नाहीत.

मी हे ऐकीव माहितीवर लिहीत नाही. माझा भाचा पुण्याजवळ हिंजवडीत नोकरीला आहे. त्याचा स्वतःचा चष्मा कॅमेऱ्याचा. मला त्याने गेल्या दिवाळीत नुसत्या कानांचा आणून दिला. नगरला जाऊन मी त्यात माझ्या नंबरच्या, खाली वाचायच्या आणि वर पाहायच्या, काचा बसवून घेतल्या आणि अडीच महिने तो इमानेइतबारे वापरला. त्याचे गुण आधी सांगतो. फोन आला की हात मोकळे राहतात. खडूने माखलेल्या हाताने खिसा चाचपावा लागत नाही. बाजारात पिशव्या दोन्ही हातांत असताना घरून आलेला निरोप ऐकता येतो. आवाज गोड आहे. आता त्रास. काड्या जड, कानामागे रग लागते. टोपी घालणाऱ्याच्या कानाला काडी आणि टोपीची कड यांच्यामध्ये जागाच उरत नाही. आणि सगळ्यांत मौजेची गोष्ट म्हणजे, विजेवर चढवायला चष्मा काढून ठेवला की आपली दृष्टीही त्याच्याबरोबर खुंटीला टांगली जाते. तासभर भिंतीकडे बघत बसावे. पुस्तक वाचायचे म्हणून घेतलेल्या चष्म्याने पुस्तक बंद करून ठेवावे, हा न्याय मला अजून उमगलेला नाही.

पण असल्या किरकोळ तक्रारींसाठी कोणी संपादकांची पाने अडवत नाही. खरी गोष्ट मला एस.टी.त कळली. नेवाशाहून नगरला जाताना गाडी हमरस्त्याला लागली, की इंजिनाची घरघर आणि खिडक्यांची खडखड यांत त्या चष्म्यातले गाणे पार वाहून जाते. कान उघडे असल्यामुळे बाहेरचा गोंगाट अडवायला काहीच नसते. म्हणजे जिथे माणूस अनोळखी गर्दीत एकटा असतो, वेळ जाता जात नाही, तिथे हा चष्मा निकामी. उलट घरी, रात्री, दारे लावून सगळे बसले असताना त्यातला शब्द न्‌ शब्द लख्ख ऐकू येतो. जिथे करमणूक हवी तिथे तो मुका, आणि जिथे आपली माणसे बोलत असतात तिथे बोलका. हे यंत्र माणसाच्या एकटेपणावर उपाय नाही. माणसांत बसून गैरहजर राहण्याची ती सोय आहे, आणि माझे भांडण त्या सोयीशी आहे.

भाच्याचेच उदाहरण देतो. त्याच्याविषयी मला माया आहे म्हणून देतो. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट ती दरवर्षी एकदा तरी सांगते. पाझर तलावाच्या कामावर ती खडी फोडायला जात असे. माझी थोरली बहीण तेव्हा वर्षाची. बाभळीला झोळी बांधून तीत पोर निजवायची आणि उन्हात हातोडा चालवायचा. घरी अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी, कामावर सुकडी. एका दुपारी पोर निपचित पडली. डोळे उघडीना, रडेना. शेजारी खडी फोडणाऱ्या एका बाईने आपल्या वाटची सुकडी पाण्यात कालवून बोटाने तिच्या तोंडाला लावली. त्या बाईचे नाव आई अजून घेते, आणि घेताना हात जोडते.

भाचा तिच्यासमोर बसला होता. डोळे तिच्याकडे, मान हलते आहे, मधूनमधून ‘हं’ म्हणतो आहे. आई पोर निपचित पडल्यापर्यंत आली, आणि हा एकदम म्हणाला, “गेली!”

आईचे डोळे भरून आले. तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, “नाही रं बाळा, गेली कशी? जगली. तीच तुझी आई.”

त्याच्या चष्म्यात क्रिकेटचे समालोचन चालू होते. विकेट गेली होती.

मी त्याला नंतर अंगणात गाठले. तो शरमला नाही; आजच्या मुलांचा हा प्रामाणिकपणा मला आवडतो. तो म्हणाला, “मामा, आजीला बरंच वाटलं ना? किती खूश झाली. मग कुणाचं काय गेलं, तुम्हीच सांगा.”

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे, कारण तो प्रश्न फालतू नाही. आईला कळले नाही, तिचे समाधान झाले, मुलाचा सामनाही चुकला नाही. दोघांचाही फायदा, तोटा कुणाचाच नाही! मी त्याला म्हणालो, आपल्या जिल्ह्यात पतपेढीत पैसे भरून पावती घेतलेली आणि हसतमुखाने घरी गेलेली माणसे थोडी नाहीत. पावती खरी होती, हसू खरे होते. फक्त पुढे पैसे नव्हते. आई ती गोष्ट करमणुकीसाठी सांगत नाही. तिच्यानंतर त्या बाईचे नाव घेणारे कोणीतरी राहावे म्हणून ती ते नातवाकडे ठेव म्हणून ठेवते आहे. ठेव ठेवली गेली असे तिला वाटले आणि ती निश्चिंत झाली. ती निश्चिंत झाली नसती तर तिने ती गोष्ट दुसऱ्या नातवाला सांगितली असती.

आपल्याकडे गोष्ट सांगणारा हुंकार मागतो. लहानपणी आजी म्हणायची, ‘हं’ म्हण, नाहीतर गोष्ट इथेच थांबली. तो ‘हं’ म्हणजे रस्ता खुला असल्याची निशाणी. या चष्म्याने ते नाणेच खोटे पाडले आहे. नंदीबैल मालकाच्या ढोलकीवर मान डोलावतो हे सगळ्या गावाला ठाऊक असते, म्हणून त्याचे कोणाला वाईट वाटत नाही. चष्म्यातल्या नंदीबैलाची ढोलकी मात्र दुसऱ्या कोणालाच ऐकू येत नाही.

मी राहतो त्या नेवाशात तो खांब आहे, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवर निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, अशी परंपरा आहे. गावची पोरे येता-जाता त्या देवळात डोकावतात. एवढा मोठा वक्ता, पण नवव्या अध्यायाच्या आरंभी तो श्रोत्यांकडे काय मागतो? अवधान. समोरच्याने लक्ष दिल्यावाचून आपल्या बोलण्याला अर्थ नाही, हे तो मोकळेपणाने सांगतो. मला कधी वाटते, त्या सभेत पुढच्या रांगेत जाड काड्यांचे चष्मे लावून मंडळी बसली असती, आणि सच्चिदानंदबाबांच्याही नाकावर तसलाच एक असता, तर आज आमच्या हाती काय आले असते?

यावर शहाणे म्हणतील, मास्तर, मोबाईल काय कमी आहे? वडील पूर्वी वर्तमानपत्रामागे तोंड लपवीत, ते काय होते? होते, पण उघड होते. वर्तमानपत्र आडवे आले की आई म्हणायची, “अहो, आधी ते खाली ठेवा.” हातात मोबाईल दिसला, कानातून वायर लोंबली, की बोलणाऱ्याला कळते की इथे आपले दार बंद आहे; तो थांबतो किंवा भांडतो. दोन्ही त्याच्या हातात असते. बोलक्या चष्म्याने बोलणाऱ्याच्या हातातली निवड काढून घेतली.

हा लपवालपवीचा इतिहासही मजेदार आहे. चष्म्याच्या काडीत कान बसवण्याची युक्ती नवी नाही. १९५० नंतरच्या दशकात ट्रान्झिस्टर आल्यावर अमेरिकेत काडीत श्रवणयंत्र बसवलेले चष्मे निघाले, कारण बहिऱ्या माणसाला छातीवर डबी लटकवायची लाज वाटे. तो माणूस ऐकू यावे म्हणून यंत्र लपवीत होता. आम्ही ऐकू येऊ नये म्हणून लपवतो. त्या जुन्या जातीचे चष्मे आजही होतात, आणि त्यांना माझा दंडवत. एसिलॉर-लुक्सोटिका या चष्म्यांच्या बड्या कंपनीच्या, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेल्या चष्म्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ च्या फेब्रुवारीत परवानगी दिली. अंधांना समोरचा मजकूर वाचून दाखवणारे चष्मेही निघाले आहेत, त्यांतला एक बंगळूरचा आहे. अशा चष्म्यांवर सरकारने सवलत द्यावी, शाळाशाळांत वाटावेत. एका शब्दाने मी आडवा येणार नाही.

कॅमेऱ्याची बाजू मी मुद्दाम सोडून देतो. २०२५ च्या जानेवारीत अयोध्येच्या राममंदिरात आणि जुलैत तिरुअनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात असले चष्मे पकडले गेले. २०२४ साली जपानमधल्या वासेदा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत एका मुलाने चष्म्यातून प्रश्नपत्रिकेचे फोटो काढल्याचे उघडकीस आले. तिथे पहारेकरी आहेत, पोलीस आहेत, २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आहे. मेटाच्या चष्म्यालाही फोटो काढताना बाहेरून दिसेल असा छोटा दिवा लागतो. पण कॅमेऱ्याला दिवा लावणाऱ्यांना आवाजाला दिवा लावावा असे का सुचले नाही? चष्म्यात कोणी बोलत असेल तर काडीवर बाहेरून ठिपका तांबडा व्हावा, एवढे साधे काम आहे. मागणी रास्त आहे आणि मी ती करतो. अर्थात माझ्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तिला तो ठिपका दिसायचा नाही. म्हणून नुसत्या दिव्यावर भागणार नाही, घरात रीतही हवी. चपला उंबऱ्याबाहेर काढाव्यात असा कायदा कोणी केलेला नाही, तरी आपण काढतोच.

आमच्या घरी यंदा भाऊबीजेला तशी रीत घातली आहे. कान फुटलेले चष्मे पाटावर बसण्याआधी फडताळात ठेवायचे. माझा तर तिथे कधीच जाऊन बसला आहे. भाच्याला कळवले तेव्हा त्याचे उत्तर आले, “मामा, मला नंबर आहे. मग ताटात काय वाढलंय ते दिसणार कसं?” त्याला लिहिले आहे की तुझा कॉलेजातला जुना चष्मा घेऊन ये. काडी तुटली असली तर घरात दोरा आहे.