निवड अरण्यातही असते

‘शहरातल्या माणसाने डॉक्टर निवडावा, आपण मिळेल त्याच्यासमोर बसावे’ हा युक्तिवाद चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात इतक्या सहजतेने केला जातो, की तो युक्तिवाद आहे याचाही आपल्याला विसर पडतो. सिरोंचाहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. तिथले 1864 साली स्थापन झालेले मनोरुग्णालय हेच कित्येक पिढ्यांच्या मनातले मनोविकारांवरील उपचाराचे एकमेव चित्र. अशा मुलखात ‘मला हा समुपदेशक मानवत नाही’ असे म्हणणारा माणूस कृतघ्न ठरतो. माझे म्हणणे नेमके उलट आहे. जिथे दुसरा तज्ज्ञ दूर आहे, तिथे पहिल्याची पारख करणे अधिक निकडीचे. न मानवणाऱ्या माणसासमोर दोनदा बसलेला रुग्ण तिसऱ्यांदा एस.टी.त चढत नाही. ‘उपचाराने काही होत नाही’ एवढीच वार्ता घेऊन तो गावी परततो आणि ती वार्ता गावभर पसरते.

याच जिल्ह्याने हा धडा एकदा दिलेला आहे. 1986 सालापासून गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारले, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तर मिळाले ते वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. पांढरे वस्त्र आम्ही प्रेताला गुंडाळतो. तसे वस्त्र नेसलेली माणसे प्राण कसे वाचवणार? शिवाय आप्तांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत. मग शोधग्रामात झोपड्यांच्या धाटणीचा, नातलगांसह राहता येईल असा दवाखाना उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले गेले. रुग्णाने दवाखान्याला जुळवून घ्यायचे नसते, दवाखान्याने रुग्णाला जुळवून घ्यायचे असते, हे शरीराच्या आजाराबाबत आपण मान्य केले. मनाच्या आजाराबाबत मात्र, जिथे बोलणे हेच अर्धे औषध, तिथे आपण ते नाकारतो!

हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे. एडवर्ड बोर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1979 साली मांडले, की उपचारक व रुग्ण यांच्या नात्याला तीन अंगे असतात: कुठे पोहोचायचे याबद्दल एकमत, त्यासाठी काय करायचे याबद्दल एकमत, आणि परस्परविश्वास. पुढच्या अनेक अभ्यासांत उपचारांची पद्धत कोणतीही असली, तरी या नात्याचा गुण येण्याशी संबंध दिसून आला. नवरा दारू सोडावी म्हणून ज्याच्याकडे जातो, त्याच्यासमोर बायकोनेही आपले दुःख उघडे करावे, असा आग्रह किती घरांत धरला जातो! तिचे ध्येय निराळे असू शकते. तिला कदाचित स्त्री समुपदेशक हवी असेल.

आता आपल्या समाजाविषयी, जरा कठोरपणे. आपण निवड करतो, पण चुकीच्या मापाने. ‘आपला माणूस आहे’, ‘सिस्टरांच्या ओळखीचा आहे’, ‘दर रविवारी मिस्साला असतो’ ही शिफारस पुरेशी वाटते. परंतु मिस्साला येणारा माणूस आपल्या मावशीलाही ओळखतो, आणि नेमके त्याच भयाने रुग्ण त्याच्यापुढे अर्धेच बोलतो. ज्याला पदवी आहे, ज्याच्यापाशी गुपित सुरक्षित आहे आणि जो श्रद्धेची टवाळी करत नाही, तो कोणत्या धर्माचा हा प्रश्न मला गौण वाटतो.

धर्मगुरूंचेही तसेच. पापनिवेदनाची गुप्तता अभंग आहे. लॅटिन धर्मसंहितेच्या 983व्या आणि पौर्वात्य धर्मसंहितेच्या 733व्या कलमाने ती बांधली गेली आहे. (चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा असल्याने इथे दुसरे कलम लागू.) पण फादरांच्या बैठकीत चहा घेत केलेले मन मोकळे हे पापनिवेदन नव्हे, आणि पापक्षमा हा नैराश्यावरचा उपचार नव्हे. हे दोन्ही सर्वप्रथम सांगणारे धर्मगुरू मला भेटले आहेत. त्यांचे न ऐकणारी कुटुंबे त्याहून अधिक.

मग पारख कशाची करावी? आधी शिक्षणाची. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकाचा पदवीधर असतो आणि औषध लिहितो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र पुरेशा शिक्षणाविनाही लागलेली दिसते. म्हणून नोंदणी विचारावी. विचारल्याचा ज्याला राग येतो, त्याचे उत्तर मिळालेच. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे 23वे कलम गुप्ततेचा हक्क देते. जिवाला धोका असल्यासारखे त्याला मोजके अपवाद आहेत. ते अपवाद कोणते, हेही पहिल्याच दिवशी विचारावे. आणि भाषा! झाडीपट्टीतली बाई ‘मन लागत नाही’ म्हणते, तेव्हा तिला कंटाळा आला आहे की जगणे नकोसे झाले आहे, हे ओळखण्यासाठी कान त्या बोलीचा हवा. माडिया बोलणाऱ्याला मराठीत, किंवा सिरोंच्याच्या तेलुगू भाषकाला हिंदीत दुःख सांगायला लावणे म्हणजे त्याला अर्ध्यावर अडवणे. शेजारच्या मुलाला दुभाषा म्हणून बसवणे तर त्याहून वाईट; गुप्तता तिथेच संपली.

पर्याय थोडे आहेत, शून्य नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. ऑक्टोबर 2022मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक चर्चच्या दारावर लावायला किती खर्च येतो? लग्नाच्या घोषणांसाठी तिथे जागा असतेच.

आणि एखाद्या विवाहितेने आपल्याच संस्थेतला समुपदेशक नाकारून गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात जायचे ठरवले, तर तिला कारण विचारू नये. एस.टी.चे भाडे आहे का, आणि दिवसभर मुलांना कोण सांभाळील, एवढेच विचारावे.