संकेतस्थळावरची निंदा आणि रस्त्यावरचा दगड

नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. हा बंद आदरापोटी नसून भीतीपोटी आहे, अशा आशयाचा मजकूर पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शविली. एवढ्यावरून दोघींना अटक झाली, आणि लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. पुढे खटला मागे पडला, पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाईही झाली. पण या प्रकरणाने जो प्रश्न उभा केला तो एका गावापुरता किंवा एका पक्षापुरता राहिला नाही. संगणकाच्या पडद्यावर आपल्याला न रुचणारा, किंबहुना संताप आणणारा मजकूर दिसला तर समाजाने आणि सरकारने काय करावे, हा तो प्रश्न होय.

अटकेसाठी आधार घेतला गेला तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ चा. २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमाने ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा त्रासदायक मजकूर पाठविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली होती. आक्षेपार्ह कशाला म्हणावे, हे मात्र कायद्याने सांगितले नव्हते. ते ठरविण्याचे काम व्यवहारात ठाणे अंमलदारावर, आणि ठाण्यासमोर जमलेल्या गर्दीवर पडले. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरविले. तरीही पोलीस ठाण्यांतून ते वापरले जातच राहिले. या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा द्यावा लागला. मेलेला कायदा साडेसात वर्षे ठाण्यांत जिवंत राहतो, ही गोष्ट कोणत्याही संकेतस्थळावरील मजकुरापेक्षा कमी चिंताजनक नाही.

घटनेने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले ते निरंकुश दिलेले नाही. कलम १९ (२) मध्ये त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची आठ कारणे नमूद आहेत: देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्यास चिथावणी. ही यादी लक्षपूर्वक वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. ‘भावना दुखावणे’ हे कारण तीत नाही. धार्मिक भावनांच्या अवमानाविषयीचे १९२७ सालचे कलम २९५-अ आज भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून कायम आहे, हे खरे. परंतु ते वैध ठरविताना १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेला अवमानच या कलमात येतो. अनवधानाने किंवा निष्काळजीपणाने झालेला नव्हे.

श्रेया सिंघल निकालाने याच विचाराला नेमके रूप दिले. एखाद्या मताची चर्चा करणे, त्याचा पुरस्कार करणे आणि त्यासाठी चिथावणी देणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. कायद्याचा हात पोचतो तो तिसऱ्या पायरीवर. शब्द आणि दंगल यांचा संबंध दारूच्या कोठारातील ठिणगीइतका जवळचा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या रंगराजन खटल्यात म्हटले होते. त्याच निकालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. मोर्चाच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे सरकारने हात टेकणे म्हणजे कायद्याचे राज्य सोडून देणे होय, असे न्यायालयाने बजावले. शब्दांचा परिणाम कोणत्या मापाने मोजायचा, याचेही उत्तर जुने आहे. १९४६ साली नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी ते दिले: माप खंबीर व समंजस माणसाचे असावे, प्रत्येक शब्दात संकट पाहणाऱ्या दुबळ्या मनाचे नव्हे. मार्च २०२५ मध्ये एका खासदाराने प्रसारित केलेल्या कवितेवरील गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने हेच माप पुन्हा हाती घेतले.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ही सारी मापे छापील शब्दाच्या काळातली आहेत. आता मजकूर काही मिनिटांत लाखो हातांत पोचतो, लिहिणारा निनावी असतो, आणि ज्या यंत्रावर मजकूर साठविलेला आहे ते बहुधा परदेशात असते. ठिणगी आणि कोठार यांतले अंतर त्यामुळे कमी झाले आहे, हे मान्यच करावे लागेल. ७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात मोबाइलवरील काही मजकुराच्या निषेधार्थ जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली.

पण वेगाचा हा मुद्दा जितका लिहिणाऱ्याविरुद्ध जातो, तितकाच रागावणाऱ्याविरुद्ध आणि पोलिसांविरुद्धही जातो. घाईने पसरलेला मजकूर धोक्याचा असेल, तर घाईने उचललेला दगड अधिक धोक्याचा आहे. २००७ साली ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी टाकलेल्या अवमानकारक मजकुरावरून पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. सुमारे पन्नास दिवस तो कोठडीत होता. नंतर उघड झाले की, इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने पोलिसांना चुकीची माहिती दिली होती आणि त्या मजकुराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. २ जून २०१४ रोजी पुण्याजवळ हडपसर येथे याहून भयंकर प्रकार घडला. फेसबुकवरील विटंबनात्मक चित्रांवरून वातावरण तापले असता एका तरुणाची जमावाने हत्या केली. तोही संगणक क्षेत्रात नोकरी करणारा, आणि त्या चित्रांशी त्याचाही काही संबंध नव्हता. निनावी निंदकाचा सूड निरपराध माणसावर उगवला जातो, हे या माध्यमाचे खरे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. गुन्हेगार दिसत नाही, म्हणून जो दिसतो तो गुन्हेगार ठरतो.

मग संकेतस्थळच बंद करावे काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९-अ केंद्र सरकारला तसा अधिकार देते, आणि २०१५ च्या निकालाने ते वैध ठरविले. मात्र त्यातील कारणेही मोजकीच आहेत. सार्वभौमत्व, संरक्षण, सुरक्षितता, परराष्ट्रसंबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित गुन्ह्यास चिथावणी, एवढीच. मजकूर संतापजनक आहे, हे कारण तेथेही नाही. शिवाय २००९ च्या नियमांनी या कारवाईभोवती गोपनीयतेचा पडदा टाकला आहे. काय बंद झाले आणि का, हे नागरिकाला कळत नसेल, तर निर्बंध वाजवी होता की नाही हे त्याने कसे ठरवावे? आणि बंद केलेला मजकूर दुसऱ्या नावाने पुन्हा उगवतो. बंदीची बातमी त्याला नवे वाचकही मिळवून देते.

बंदीने आणि दगडाने काय साधते, याचा धडा महाराष्ट्राला इंटरनेटबाहेरही मिळालेला आहे. जेम्स लेन यांचे शिवचरित्रविषयक पुस्तक प्रकाशकाने नोव्हेंबर २००३ मध्येच भारतातून मागे घेतले होते. तरीही ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला आणि दुर्मिळ ग्रंथांची व हस्तलिखितांची हानी झाली. राज्य सरकारची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुस्तकाला धक्का लागला नाही. धक्का लागला तो महाराष्ट्राच्या स्वतःच्या ठेव्याला.

याचा अर्थ पडद्यावरचे सारेच सहन करावे, असा नाही. भावना दुखावणे आणि माणसाला इजा करणे यांत फरक आहे. एखाद्या मुलीचे बनावट अश्लील छायाचित्र पसरविणे, ठार मारण्याची धमकी देणे, एखाद्या वस्तीवर चालून जाण्याची हाक देणे ही मते नव्हेत, ही कृत्ये आहेत. २०२१ च्या नियमांनी अशी अश्लील वा बनावट चित्रे तक्रारीनंतर चोवीस तासांत काढण्याचे बंधन समाजमाध्यमांवर घातले, ते योग्यच होते. येथे पोलिसांनी तत्परता दाखवावी. अनुभव मात्र अनेकदा उलटा येतो. एकट्या पीडितेला ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात आणि जमावाच्या तक्रारीची तत्काळ दखल घेतली जाते. तक्रारीमागे किती माणसे उभी आहेत यावर तिचे वजन ठरू लागले, तर कायदा दुर्बळाचा राहत नाही.

राहिला प्रश्न सामान्य नागरिकाचा. निंदेला उत्तर देण्याची एक परंपरा या प्रांतात आहे. १८८८ साली ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांची त्यांच्या हयातीतच विरोधकांनी प्रेतयात्रा काढली. याहून मोठा अवमान कोणता असणार? आगरकरांनी लेखणी खाली ठेवली नाही आणि दगडही उचलला नाही. आजच्या शिक्षकाला, विद्यार्थ्याला हा मार्ग मोकळा आहे. खोट्या इतिहासाला पुराव्याने उत्तर देता येते. धमकी असेल तर तिची नोंद ठेवून तक्रार करता येते. निव्वळ शिवीगाळ असेल तर तिला प्रेक्षक नाकारता येतो. हे शेवटचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. अवमानकारक चित्र ‘पाहा, काय चालले आहे’ असे म्हणत दहा जणांना पाठविणारा माणूस निंदकाचा फुकटचा टपालवाला होतो. ही माध्यमे लोकांच्या लक्षावर जगतात आणि रागाने दिलेले लक्षही त्यांना चालते.

सरकारचे कर्तव्यही तितकेच स्पष्ट आहे. जमावापासून बोलणाऱ्याचे रक्षण करणे हे त्याचे पहिले काम, आणि बोलणे कायद्याच्या मर्यादेत होते की नाही याची शहानिशा हे दुसरे. हा क्रम उलटला की कोणत्या मजकुराची परवानगी द्यायची हे घटना ठरवीत नाही, ज्याच्या हातात दगड आहे तो ठरवितो. आणि दगड आज ज्यांच्या हातात आहे त्यांच्याच हातात तो उद्याही राहील, अशी हमी कोणत्याही पक्षाला किंवा पंथाला देता येणार नाही.