वेल गेली, खुणा राहिल्या

"सिव्हिलला आहेस ना? मग ही भिंत साफ करून दे बघू!" दिवाळीच्या सुट्टीत आजी एवढंच म्हणाली आणि मी अडकले.

साताऱ्याचं आमचं आजोळ पणजोबांच्या वेळचं. उघड्या विटा, चुन्याचं बांधकाम, वर मंगलोरी कौलं. पश्चिमेच्या भिंतीवर कित्येक वर्षं वेल होती. नर्सरीवाले जिला क्रीपिंग फिग म्हणतात तीच, फायकस प्युमिला. ती कौलांखाली शिरायला लागली म्हणून मामानं दोन वर्षांपूर्वी बुंध्याशी तोडली. वाळल्यावर फांद्या ओढून काढल्या, पण भिंतीवर तपकिरी रेघा तशाच राहिल्या. शेकडो सुरवंट चालता चालता तिथेच चिकटून मेल्यासारख्या!

पहिल्या दिवशी मी साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन बसले. तासाभरात हातभर जागा साफ झाली. एवढा पेशन्स कुणाला? दुसऱ्या दिवशी तारेचा ब्रश आणला, तर रेघांबरोबर विटेचा लाल भुगाही खाली पडायला लागला. तिसऱ्या दिवशी मी बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड ओतलं. मस्त फेस आला. मला वाटलं, झालं काम!

काम भिंतीचं झालं होतं. दुसऱ्या दिवशी विटांमधल्या चुन्यावरून बोट फिरवलं तर वाळू हातात आली. शेजारचे गवंडीकाका म्हणाले, "दर्जा गेल्या, ताई." मला दर्जा म्हणजे क्वालिटी एवढंच माहीत. दोन विटांमधल्या सांध्याला दर्जा म्हणतात हे मला, म्हणजे सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलीला, त्या दिवशी कळलं. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये नव्हतं हो शिकवलं!)

केमिस्ट्री मात्र शिकवली होती. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत कॅल्शियम कार्बोनेट होतो. त्यावर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पडलं की तो विरघळतो आणि गॅस सुटतो. मी ज्या फेसावर खूश होते तो म्हणजे पणजोबांची भिंत विरघळत होती. आणि रेघा? त्या जागच्या हलल्या नव्हत्या, कारण त्या चुन्याच्या नव्हत्याच. वड-पिंपळाच्या कुळातल्या या वेलीची बारीक मुळं स्वतःच चीक सोडतात. डार्विननं ही मुळं काचेवर दाबून ठेवून त्यातून येणारे थेंब तपासले होते. १८७५ साली निघालेल्या त्याच्या वेलींवरच्या पुस्तकात ते आहे. त्या थेंबांत रबराचा अंश निघाला. रबरावर अ‍ॅसिड काय करणार?

आता मामानं कॉन्ट्रॅक्टर आणलाय. त्याचा उपाय सोपा आहे: अख्ख्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर, वर रंग, की रेघाच दिसणार नाहीत. माझा विरोध आहे तो याला.

चुन्याची भिंत पावसात पाणी पिते आणि उन्हात सोडते. सिमेंट कडक आणि घट्ट. ते वर लिंपलं की आतली ओल अडकते, क्षार विटेतच साठतात आणि विटेचे पोपडे निघायला लागतात. जुन्या बांधकामाचा हिशेब उलटा असतो. दर्जा विटेपेक्षा मऊ हवी. दर्जा झिजली तर पुन्हा भरता येते. वीट झिजली तर काय भरणार?

तुम्ही म्हणाल, मग रेघांचं काय करायचं? खरं तर वेल तोडल्यावर पानं सुकली की काही आठवड्यांतच ती उतरवून लगेच भिंत घासायला हवी होती. जिवंत वेल ओढली तर दर्जा उखडतात आणि दोन वर्षं थांबलं तर मुळं लाकडासारखी कडक होतात. आता उपाय एकच. आधी एका कोपऱ्यात करून बघायचं. मग भिंत भिजवायची, नायलॉनच्या ब्रशनं घासायचं, बांबूच्या कामटीनं मुळं खरवडायची. जे निघणार नाही ते ऊनपावसावर सोडायचं. त्या रेघा दिसायला वाईट आहेत, पण भिंतीला खात नाहीत. भिंतीला खाल्लं ते माझ्या घाईनं.

मित्रहो, पाच सेमिस्टरमध्ये आपण कागदावर किती बिल्डिंगा उभ्या केल्या! उभी असलेली भिंत कशी सांभाळायची, हे मात्र मला गवंडीकाकांनी शिकवलं. त्यांनी भिंत भरपूर पाण्यानं धुतली, सैल दर्जा खरवडल्या आणि चुना-वाळू कालवून पुन्हा भरल्या. शिकलेल्या भाचीनं जे तीन दिवसांत बिघडवलं, ते निस्तरायला त्यांना आठवडा लागला.

मामानं पाडव्यापर्यंत मुदत दिली आहे. तोवर भिंत बरी दिसली नाही तर प्लास्टर. साधारण अर्धी भिंत बाकी आहे. कुणाला शनिवार-रविवार मोकळा असेल तर जरूर या, आजी थालीपीठ करते. येताना ब्रश आणा. अ‍ॅसिड नको!